घराबाहेरचा शिशाचा रंग खरवडताना प्लॅस्टिक कसं लावावं? (पहिल्या शनिवारी फसलो, त्यावरून)

मेटुचेनचा_माळी । १५ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. कालचा शनिवार वाया गेला, वर शेजाऱ्यांसमोर मान खाली घालावी लागली, म्हणून हा धागा.

घर न्यू जर्सीत, मेटुचेनला, १९२४ सालचं. बाहेरून आडव्या लाकडी फळ्या. उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही, तिथला रंग आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखा तडकलाय. अमेरिकेत घरांच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं. म्हणजे आमच्या घराला चोपन्न वर्षं शिशाचा रंग लावायला मोकळीक होती. दुकानातून तपासणीच्या कांड्या आणल्या. तीन ठिकाणी कटरने थेट लाकडापर्यंत तिरकी चीर दिली आणि कांडी घासली. भिंत आणि खिडकीची चौकट, दोन्हीकडे कांडी कुंकवासारखी लाल. पोर्चचा कठडा तेवढा कोरा निघाला, तो बहुधा मागाहून बदललेला.

दोन ठेकेदारांना बोलावलं. एकाचा आकडा ऐकून बायकोने माझ्याकडे आणि मी छताकडे पाहिलं. दुसरा म्हणाला, ग्राइंडर लावतो, दोन दिवसांत भिंत कोरी करून देतो. शिशाच्या कामाचं सर्टिफिकेट विचारलं तर हसला. मग ठरवलं, आपणच करू. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम केलं तर ईपीएचा (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा) आरआरपी, म्हणजे शिशाचा जुना रंग असलेल्या घरांच्या दुरुस्तीकामाचा, नियम लागू होत नाही, हेही वाचलं होतं.

काल सकाळी निळी ताडपत्री भिंतीलगत अंथरली, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, एक बाजू दोरीने कुंपणाला बांधली. फवारणीच्या बाटलीने ओलं करत खरवडायला लागलो. साडेदहापर्यंत सगळं झकास. अकराला वारा सुटला. ताडपत्रीची एक कड उचलली गेली, वीट घरंगळली आणि सकाळपासूनचे सगळे पोपडे एका झटक्यात होस्टाच्या वाफ्यात आणि कुंपणापलीकडे. संध्याकाळी हिरवळीवर टॉर्च आडवा धरून, गुडघ्यांवर बसून नखाएवढे तुकडे वेचले. अंधार पडेपर्यंत वेचत होतो, आज सकाळी पाहिलं तर अजून होतेच.

पलीकडे एक इटालियन आजी राहतात. कुंपणाला लागून त्यांचा टोमॅटोचा वाफा आहे. जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगडलेले टोमॅटो तोडून कचऱ्याच्या पिशवीत टाकले. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर विचारायचं असं: प्लॅस्टिक भिंतीला नेमकं कसं धरून ठेवायचं? कुंपण भिंतीपासून जेमतेम सात फुटांवर आहे, तिथे काय करायचं? आणि आता मातीत जे गेलंय त्याचं काय? घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे, म्हणून जास्त धास्ती.

---

मंजिरी२२ । १६ सप्टेंबर, सकाळी ७:०५

आधी मुलीची रक्ततपासणी करून घ्या. न्यू जर्सीत बारा आणि चोवीस महिन्यांना शिशासाठी रक्त तपासतात, ती झाली असेलच, पण आता परत करा. २०२१ पासून सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा) संदर्भ आकडा डेसीलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम आहे, त्याआधी ५ होता. आमच्या मुलाचा ४ आला तेव्हा डॉक्टरांनी पहिले प्रश्न विचारले ते काजळ, हळद आणि भारतातून आणलेल्या काढ्या-भस्मांबद्दल. मी जरा घुश्शातच उत्तरं दिली. नंतर सापडलं ते खिडकीच्या खोबणीत. उघडताना-मिटताना रंग रंगावर घासत होता आणि त्याचं पीठ खाली साचत होतं. मुलगा तिथेच गाड्या खेळायचा.

धागा वाचते आहे, आमच्याही मागच्या दाराचं काम आहे.

---

सुतारपक्षी । १६ सप्टेंबर, रात्री ९:३०

मी मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या घरांची कामं करतो, आरआरपीचं सर्टिफिकेट आहे. ऐसपैस लिहितो.

नियम तुम्हाला लागू नाही हे खरं. पण कोण खरवडतंय हे शिशाला ठाऊक नसतं, तेव्हा पद्धत तीच पाळा.

तुम्ही वाऱ्याला दोष देताय, मी ताडपत्रीला देईन. निळी ताडपत्री विणलेली असते. विणीत धूळ बसली की पुसून निघत नाही. तुम्ही ती घडी करून गॅरेजमध्ये ठेवली असणार (ठेवलीच असेल!), पुढच्या वर्षी पाचोळा गोळा करायला काढाल आणि झटकाल. ती टाकून द्या. सहा मिलचं (साधारण १५० मायक्रॉन जाडीचं) सलग प्लॅस्टिक आणा, एकदा वापरून फेकायचं.

भिंतीपाशी: सुटलेल्या, पिठाळ रंगावर टेप धरत नाही, सकाळी लावली की दुपारी लोंबते. सगळ्यात खालच्या फळीखाली, पायाच्या भिंतीला लागून, एक पातळ लाकडी पट्टी घ्या, प्लॅस्टिकची कड तिच्याभोवती एक वेढा गुंडाळा आणि पट्टी स्क्रूने आवळा. वरून टेप. भिंत आणि प्लॅस्टिक यांच्यात बोटभर फट राहिली तरी ओघळणारं पाणी नेमकं तिथूनच मातीत जातं. आणि भिंतीलगतच्या मातीतच शंभर वर्षांचं शिसं आधीपासून बसलेलं असतं.

बाहेरच्या बाजूला किमान दहा फूट. हा आकडा खालच्या मजल्याच्या कामापुरता धरा. वर शिडीवर असाल तर एक पोपडा हातातून सोडून बघा कुठे जातो ते, आणि त्याच्याही पुढे अंथरा. नियमाची भाषाही तीच आहे: दहा फूट किंवा पडणारा कचरा झेलायला लागेल तेवढं, यांतलं जे जास्त असेल ते.

बाहेरच्या तिन्ही कडा दोन-बाय-चार इंची लाकडावर गुंडाळून उभ्या करा. परातीला काठ असतो तसा काठ आला पाहिजे. ओलं खरवडताना पाणी पडणारच, ते काठाशी अडलं पाहिजे. शिवाय अख्ख्या कडेला सलग वजन येतं, तुमच्या विटेसारखं एका कोपऱ्यावर नाही.

शिडीचे पाय प्लॅस्टिकवर टेकवू नका, ओल्या प्लॅस्टिकवर शिडी सरकते. माझा एक हात त्यात मोडलाय. प्लॅस्टिकला पायांपुरती चीर द्या, पाय जमिनीवर टेकवा आणि चिरेभोवती टेप मारा. जमीन मऊ असेल तर आधी प्लायचा तुकडा, त्यावर पाय.

झाडं: पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हात हिरवळ अक्षरशः शिजते. संध्याकाळी प्लॅस्टिक काढायचंच आहे. रात्रभर काहीही पडून ठेवायचं नाही, पाऊस येऊ दे न येऊ दे. झुडपं दोरीने आवळून भिंतीपासून बाजूला घ्या.

वीस फुटांच्या आतली सगळी दारं-खिडक्या बंद. दुमजली घर असेल तर ज्या मजल्यावर काम चाललंय तो आणि त्याखालचे. खिडकीतला एसी काढून ठेवा, कारण तो बाहेरची हवा घरात ओढू शकतो. वाळूचा खड्डा, घसरगुंडी, ग्रिल, बाहेरच्या खुर्च्या, सगळं हलवा.

सात फुटांवरच्या कुंपणाचं: दहा फूट मिळत नाहीत म्हणजे उभा पडदा आला. त्यावर उद्या लिहितो, आता जेवायला बोलावतायत.

---

कोकणकडा । १६ सप्टेंबर, रात्री ११:५५

मंडळी, रागावू नका, पण थोडं जास्तच होतंय का? आमच्या गावच्या घराच्या खिडक्या दर दोन वर्षांनी दिवाळीआधी पॉलिश पेपरने घासल्या जायच्या. हिरवा ऑईल पेंट. आम्ही पोरं डबा धरायला उभे असायचो. रंगारी काम संपलं की गुळाचा खडा तोंडात टाकायचा, धूळ उतरते म्हणून. सगळे ऐंशी-ऐंशी वर्षं जगले.

---

कडुनिंब । १७ सप्टेंबर, सकाळी ६:२०

@कोकणकडा, सगळे म्हणजे रंगारीसुद्धा? त्याचं वय कुणी मोजलं होतं का?

चिडून लिहीत नाही. शिशाने माणूस धाडकन पडत नाही, तिथेच फसगत होते. मोठ्या माणसाचं पोट दुखतं, रक्तदाब चढतो, रक्त कमी होतं आणि यांतल्या प्रत्येकाला दुसरं कारण सापडतं. मुलांचं आतडं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं, त्यात अंगात लोह कमी असलं तर आणखी. ते जाऊन हाडात बसतं आणि वर्षानुवर्षं तिथून थोडं थोडं रक्तात येत राहतं. मुलांच्या बुद्धीवर आणि वागण्यावर परिणाम होतो. चार गुण कमी पडलेला मुलगा अभ्यास करत नाही म्हणून मार खातो, खिडकीकडे कुणी बघत नाही.

गुळाचं म्हणाल तर लोह-कॅल्शियम पोटात असलेलं बरं, शोषण थोडं कमी होतं. पण ज्या हाताने खिडकी घासली त्याच हाताने गुळाचा खडा तोंडात टाकला तर गुळाबरोबर शिसंही गेलं. तंबाखू मळणाऱ्याचं तर विचारूच नका. तळहातावर धूळ, त्यावर चुना, त्यावर अंगठा.

---

बखरकार । १७ सप्टेंबर, सकाळी ९:१०

थोडं अवांतर. जुन्या पांढऱ्या रंगातलं शिसं म्हणजे सफेदा, शिशाचा कार्बोनेट. आणि मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच लाल ऑक्साइड. लोखंडी पुलांना, गजांना गंज लागू नये म्हणून पहिला हात द्यायचे तो ‘रेड लेड’ हा शेंदराचाच भाऊ. हल्ली मिळतो तो रेड ऑक्साइड वेगळा, तो लोहाचा. दोन्ही तांबडे, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ओळखायला जाऊ नका.

सफेदा घातक आहे हे काही काल कळलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्याच्यावरचा करार १९२१ मध्ये केला, म्हणजे माळीसाहेबांचं घर बांधण्याच्या तीन वर्षं आधी!

---

सुतारपक्षी । १७ सप्टेंबर, रात्री १०:१५

उभा पडदा. दोन-बाय-चारच्या चौकटी करा, आठ फूट उंच, सहा-सहा फूट रुंद. एकेकट्याला उचलता येतील अशा. मागून तिरका टेकू आणि टेकूच्या पायावर वाळूची पोती. चौकटीवर आतल्या बाजूने प्लॅस्टिक ताणून स्टेपल करा. मेख इथे आहे: पडद्याचं प्लॅस्टिक खाली फूटभर जास्त सोडायचं आणि ते जमिनीवरच्या प्लॅस्टिकच्या वर, आतल्या बाजूला घेऊन टेप मारायची. कौलं कशी लावतो? वरचं खालच्यावर. उलटं केलंत तर पडद्यावरून घसरलेला कण थेट फटीतून शेजारी जातो.

वारा. हडच्या (अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या) मार्गदर्शिकेत ताशी वीस मैलांच्या वर काम थांबवा असं आहे. मी बाराला थांबतो. उभा पडदा म्हणजे गलबताचं शीड, पंधरालाच चौकटी थरथरायला लागतात. फोनवरचा अंदाज बघू नका, पडद्याकडे बघा. प्लॅस्टिक फडफडायला लागलं की वरचं काम सोडा आणि खालचं गोळा करा. आधी गोळा करा, मग चहा.

आमच्याकडचे काही रंगवाले हिरवी जाळी लावून ‘झाकून केलं’ म्हणतात. मुंबईतल्या इमारतींना असते तीच शेडनेट. ती वरून पडणारा गिलाव्याचा तुकडा अडवते, धूळ तिच्यातून आरपार जाते.

काय करायचं नाही तेही सांगतो. ज्वाळा नाही. हीट गन १,१०० फॅरनहाइटच्या वर नाही, त्यापुढे शिशाचा धूर होतो. खरं तर हीट गन पहिल्यांदाच वापरणाऱ्याने शंभर वर्षांच्या सुक्या लाकडाजवळ नेऊच नये. भिंतीच्या आत काय पेटलंय ते रात्री कळतं. हेपा व्हॅक्यूम (अगदी बारीक धूळही धरून ठेवणारा) जोडलेलं झाकण नसेल तर सँडर-ग्राइंडर नाही. तुमचा तो दोन दिवसांत भिंत कोरी करणारा माणूस तुमच्या अख्ख्या गल्लीत शिसं पेरून गेला असता. वॉटर ब्लास्ट तर नकोच, ते पाणी कुठे जाईल याचा नेम नाही.

आणि हेपा व्हॅक्यूम म्हणजे हेपा व्हॅक्यूमच, साध्या दुकानी व्हॅक्यूमला हेपाची गाळणी लावलेली नव्हे. यंत्राच्या सांध्यांतून हवा बाहेर पडत असेल तर आत कितीही भारी गाळणी असू दे, मागून धूळ निघतेच. भाड्याने मिळतो.

सगळा रंग काढायचाच असं काही डोक्यात आहे का? सुटलेला तेवढा काढा, कडा ओल्या पेपरने निमुळत्या करा, प्रायमर, वर दोन हात. धरून बसलेल्या रंगाला छेडू नका. भिंतीला लाकूड दिसेपर्यंत सोलण्याची हौस महागात पडते.

---

मेटुचेनचा_माळी । १८ सप्टेंबर, सकाळी ७:३०

सुतारपक्षी, शतशः आभार. ताडपत्री गॅरेजमध्येच होती, घडी करून, अगदी नीट. आज बाहेर काढली.

सगळं लाकूड उघडं करायचं हेच डोक्यात होतं. ते आता काढून टाकलं. वरच्या मजल्याचं काम सर्टिफिकेटवाल्याला देतो, खालची भिंत आणि खिडक्या मी. मुलीचं रक्त काल दिलं.

---

वाईकर_वाडा । १८ सप्टेंबर, दुपारी १:००

आमच्या इकडचं विचारतो. वाईला वडिलोपार्जित वाडा, चौकाभोवती सोळा खिडक्या आणि वरच्या माडीचा लाकडी कठडा. रंगाचे इतके थर बसलेत की कोरीव वेलबुट्टी बुजून गेली आहे. दिवाळीनंतर साफ करायचं ठरतंय. रंगारी म्हणतो ब्लो लॅम्पने जाळून काढू. इथे सहा मिल, हेपा वगैरे कुठून आणू? आणि शिसं आहे की नाही हे कळणार कसं?

---

सुतारपक्षी । १८ सप्टेंबर, सायंकाळी ७:४५

@वाईकर, ब्लो लॅम्प आधी परत पाठवा. सागवान करपेल, वेलबुट्टीच्या कडा जातील आणि तो धूर चौकातच कोंडेल. चौक म्हणजे चारी बाजूंनी बंद धुराडं.

सहा मिल म्हणजे साधारण १५० मायक्रॉन, आपल्याकडच्या दुकानदाराच्या भाषेत ६०० गेज. शेतीच्या दुकानात विचारा. मल्चिंग पेपर देईल, तो नको, तो पंचवीस-तीस मायक्रॉनचा, पायाखाली फाटतो. शेततळ्याचं अस्तर ५०० मायक्रॉनचं असतं, ते जमिनीवर बेस्ट, पण दुमडायला जड.

शिसं आहे का हे तपासत बसण्यापेक्षा आहेच असं धरून चाला. भारतात घरगुती रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून बंधनकारक झाली. तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा आहे, कारखान्यांसाठीच्या रंगांचा नाही. त्यामुळे नवा रंग घेताना डब्यावर शिशाचा उल्लेख वाचून घ्या आणि ‘इंडस्ट्रियल इनॅमल जास्त टिकतं’ या सल्ल्याला भुलू नका.

खिडक्यांच्या फळ्या निघत असतील तर बिजागरीतून काढा आणि एका जागी प्लॅस्टिकवर, ओलं करून, बाकावर आडव्या ठेवून खरवडा. सोळा ठिकाणी पडदे बांधण्यापेक्षा एकच जागा सांभाळणं सोपं. अंगणात तुळशी वृंदावन, आड, पाण्याची टाकी असेल तर सगळं झाका.

---

कडुनिंब । १८ सप्टेंबर, रात्री ९:००

यात दोन गोष्टी घालते. कामगारांना जुना सदरा-लेंगा कामापुरता द्या, संध्याकाळी तिथेच हातपाय, तोंड, केस धुवायला पाणी द्या आणि ते कपडे वेगळे धुवा. नाहीतर रंगारी शिसं घरी नेतो आणि त्याचं पोर त्याच्या मांडीवर बसतं. चहा, बिडी, तंबाखू प्लॅस्टिकच्या बाहेर, हात धुऊन.

दुसरं जास्त महत्त्वाचं. वाड्याच्या कामात मोडकी चौकट, कुजकी फळी निघते. ती कुठे जाते? बंबात, नाहीतर चुलीत. रंगवलेलं लाकूड जाळलं की शिसं धुरात आणि राखेत उरतं. त्याच राखेने भांडी घासली जातात, तीच तुळशीला घातली जाते. एक ढलपीसुद्धा बंबात जाऊ देऊ नका.

---

वाईकर_वाडा । १८ सप्टेंबर, रात्री ९:२०

अरे देवा. गेल्या वर्षी मागच्या पडवीच्या दोन चौकटी आईने बंबातच घातल्या. आज फोन करतो. वाचनखूण साठवली.

---

कोकणकडा । १९ सप्टेंबर, रात्री १२:१०

कडुनिंबताई, बंबाचं वाचून गप्प झालो. आमच्याकडेही तेच होत आलंय. रंगाऱ्याचं वय खरंच कुणी मोजलेलं नाही. त्याचं नावही आठवेना, सगळे ‘पेंटर’ म्हणायचे.

---

मेटुचेनचा_माळी । २२ सप्टेंबर, रात्री ९:१५

या आठवड्याचा वृत्तांत.

शुक्रवारी संध्याकाळी चार चौकटी ठोकल्या. गणपतीच्या मखराला लागला त्यापेक्षा जास्त वेळ गेला, पण मखर दोनदा पडलं होतं, या चौकटी पडल्या नाहीत. आजींना भेटून त्यांच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवायला सांगितलं, कधी सुरू करणार आणि कधी आवरणार ते चिठ्ठीवर लिहून दिलं. त्या म्हणाल्या, पडद्याचे टेकू माझ्या बाजूला ठेवलेस तरी चालेल. म्हणून मला आत दोन फूट जास्त मिळाले.

सकाळी सातलाच सुरू केलं, तेव्हा वारा नसतो. पट्टी स्क्रूने आवळली. हा उपाय एक नंबर, दिवसभर एक बोट हललं नाही. एकदाच झोत आला तेव्हा पडदा फुगला, मी सगळं टाकून पोपडे गोळा केले, वीस मिनिटं बसून राहिलो, मग परत.

बाटलीने भिजवून अर्धा मिनिट थांबायचं, मग खरवडायचं. घाई केली की खालचा थर कोरडाच राहतो आणि धूळ उडते, हे पहिल्या तासात कळलं. दिव्याच्या सॉकेटजवळ अर्थातच पाणी मारलं नाही, तिथे आधी वीज बंद आणि कोरडंच हलक्या हाताने. मास्क पी१०० (बारीक धूळ अडवणाऱ्या) गाळण्यांचा. दाढी काढावी लागली, दाढीवर तो हवाबंद बसत नाही. मुलीने मला ओळखायला पाच मिनिटं लावली.

आवरण्याला दीड तास लागला. हे कुणी आधी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. वरून खाली भिंत हेपाने ओढली, पडदे ओल्या फडक्याने पुसले, जमिनीवरचं प्लॅस्टिक हलकं भिजवलं आणि कोपरे आत घेत घेत, घाण आत राहील असं गुंडाळत भिंतीकडे आणलं. पट्टी सर्वांत शेवटी सोडली. जाड पिशवी, तोंड पिळून दुमडून टेप. पिशवी बाहेरून पुसली. मग टॉर्च आडवा धरून पुन्हा हिरवळीवर. या वेळी तीन तुकडे सापडले. तीनही माझ्या बुटाच्या तळातून गेलेले. पुढच्या वेळी बुटांवर पिशव्या, प्लॅस्टिकवरून उतरताना काढायच्या.

कचरा: घरमालकाने स्वतःच्या राहत्या घरातून काढलेला असा कचरा ईपीए घरगुती कचऱ्यातच धरते. तरी गावाच्या कचरा विभागाला फोन करून विचारलं, मग टाकला.

---

मंजिरी२२ । २२ सप्टेंबर, रात्री ९:४०

मुलीचा रिपोर्ट?

---

मेटुचेनचा_माळी । २२ सप्टेंबर, रात्री ९:४४

२.१. डॉक्टर म्हणाल्या तीन महिन्यांनी परत करू. आधीचा दोनच्या आत होता, म्हणून बायको अजून धड झोपत नाही.

---

सुतारपक्षी । २३ सप्टेंबर, सकाळी ६:५०

आवरायला दीड तास म्हणजे नीट आवरलंत. बाहेरच्या कामाला आतल्यासारखी फडक्याची चाचणी नसते, डोळ्यांना धूळ किंवा तुकडा दिसता कामा नये, एवढीच. म्हणून तो आडवा टॉर्च सोडू नका.

मातीसाठी तुमच्या शेजारीच न्यू ब्रन्सविकला रट्गर्सची मृदा प्रयोगशाळा आहे, शिशासाठी नमुना घेतात. भिंतीलगतचा एक, हिरवळीतला एक आणि त्या टोमॅटोच्या वाफ्यातला एक, असे वेगवेगळे द्या, एकत्र कालवू नका.

---

मेटुचेनचा_माळी । १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

खालची भिंत संपली. प्रायमर झाला, वरचा मजला ठेकेदार पुढच्या आठवड्यात धरतोय. त्याने आला तसा आधी माझ्या चौकटी बघितल्या आणि भाड्याने देणार का विचारलं.

मातीचे आकडे आले. हिरवळीत ८५ पीपीएम. आजींच्या वाफ्यात १४०. आमच्या भिंतीलगत ७३०. ईपीएने २००१ मध्ये मुलं खेळतात त्या उघड्या मातीसाठी ४०० ची रेषा आखली होती आणि २०२४ मध्ये दूषित निवासी जागांच्या पहिल्या चाचणीसाठी २०० हा आकडा दिला. म्हणजे हिरवळ ठीक, आजींचा वाफाही रेषेच्या आत, आणि भिंतीलगतचं सगळं आमच्या आधीच्या शंभर वर्षांच्या घरमालकांनी खरवडून, उन्हा-पावसाने झडून साचलेलं. त्यात माझे त्या शनिवारचे पोपडे किती, हे आता वेगळं काढता येणार नाही.

तिथे जाड कापड अंथरून वर लाकडाचा भुसा आणि दाट झुडपं लावतोय, म्हणजे मुलीचा हात मातीला लागणार नाही. कोथिंबीर-मेथी मोठ्या कुंड्यांत, विकतच्या मातीत. आजींना कागद दाखवला. १४० चा आकडा त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू.

---

मंजिरी२२ । १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२५

प्लॅस्टिकचा रोल उरलाय का? मी एडिसनलाच आहे, पोर्चपुरतं हवंय.

---

मेटुचेनचा_माळी । १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३१

अर्धा रोल आहे. शुक्रवारी सातनंतर या. ठेकेदाराचं काम आटपलं की चौकटीही न्या, पुसून ठेवल्या आहेत. गॅरेजात गाडी शिरत नाही.